जॉर्ज वॉस्टनहोम : पात्यावरील मुद्रा
इंग्लंडमधील शेफील्ड परिसरात चाकू-सुऱ्या घडविणाऱ्या घराण्यात जॉर्ज वॉस्टनहोम (१८००–१८७६) यांचा जन्म झाला. वडिलोपार्जित व्यवसायाला अमेरिकेची बाजारपेठ मिळवून देण्यासाठी त्यांनी अटलांटिक महासागर वारंवार ओलांडला. १८४८ साली घेतलेल्या प्रशस्त कारखान्यास त्यांनी वॉशिंग्टनचे नाव दिले. 'आय-एक्स-एल' ही त्यांच्या घराण्याची मुद्रा. या अक्षरांच्या इंग्रजी उच्चारातून 'मी सरस आहे' असा अर्थ ध्वनित होतो. अमेरिकेत गेलेल्या बोवी सुऱ्यांमुळे ती मुद्रा सर्वतोमुखी झाली. मात्र पात्यांना धार लावणाऱ्या शेफील्डच्या कारागिरांची फुप्फुसे दगडाच्या व पोलादाच्या धुळीने निकामी होत; कित्येकांना अकाली मृत्यू येई. पात्यावर नाव उमटे ते मालकाचे. वॉस्टनहोम यांच्या कर्तृत्वाचे मोल ठरविताना या अनामिकांचे ऋण विसरता येत नाही.