माळरानावर पिकलेली शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील

आजकाल हरित शाळेच्या गोष्टी सगळीकडं ऐकू येतात. पण शाळेनं आपल्या जमिनीवर आणि मुलांच्या कष्टावर कसं उभं राहायचं, हे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झालं नाही. पुढे त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचं काम केलं. त्या निमित्तानं खेडोपाडी फिरताना कुणब्याची पोरं शाळेऐवजी गुरांमागं जाताना त्यांनी पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि बोधचिन्ह म्हणून वडाचं झाड घेतलं.

१९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्रच जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. नाव मोठं झालं, पण पैशाची ओढाताण कायम होती. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं.

दागिन्यांवर किती दिवस भागणार? म्हणून भाऊरावांनी मुलांच्या हातात कुदळ-फावडं दिलं. खडकाळ, पडीक जमीन फोडून मुलांनी ती लागवडीखाली आणली. स्वयंपाक, झाडलोट, शेतीची कामं सगळं तीच करायची. यातूनच ‘कमवा आणि शिका’ ही योजना उभी राहिली. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल याच पद्धतीवर सुरू झालं. पोराच्या बापाकडं फीचे पैसे नसले तरी अडत नव्हतं, पोराची कष्टाची तयारी पुरत होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारशी बिनसलं आणि संस्थेचं अनुदान काही काळ बंद पडलं. गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली, अनुदान पुन्हा मिळालं. मधल्या काळात मात्र शाळांना कुलूप लागलं नाही, कारण मागं गावोगावची रयत उभी होती.

९ मे १९५९ रोजी भाऊरावांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं.

आज पोषण आहारासाठी शाळांना परसबाग करायला सांगितलं जातं. काही शाळांत ती वर्षभर हिरवी राहते, काही शाळांत फोटो काढला की वाळते. जागा सगळीकडंच थोडीफार असते, हात धुण्याचं पाणी रोज वाया जातं, पालापाचोळा जाळला जातो. हेच पाणी वाफ्यात सोडलं, पाचोळ्याचं खत केलं, तर वेगळा निधी लागत नाही. भाऊरावांनी अनुदानाची वाट न पाहता जमिनीपासून सुरुवात केली होती. आपल्या तालुक्यातल्या शाळेलाही तिथूनच सुरुवात करता येईल.