अकरा मिलिग्रॅमचा फरक

जॉन विल्यम स्ट्रट यांचा जन्म 1842 साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एका सधन घराण्यात झाला. हेच पुढे लॉर्ड रॅले म्हणून विख्यात झाले. ऐषारामात दिवस घालविणे त्यांना सहज शक्य होते; परंतु टर्लिंग येथील आपल्या वाड्यातच त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि वायू तोलण्याचे किचकट काम आरंभिले.

हवेतील प्राणवायू काढून उरलेला नायट्रोजन त्यांनी काचेच्या गोलकात भरून तोलला. मग अमोनियाच्या साहाय्याने मिळविलेला नायट्रोजन तोलला. तो किंचित हलका भरला! फरक हजारात एका भागाचा. दुसऱ्या कोणी हातचूक समजून तो सोडून दिला असता. रॅले यांनी मात्र 1892 साली 'नेचर' नियतकालिकातून ही अडचण उघडपणे मांडली, आणि फरक झाकण्याऐवजी तो वाढतो का हे पाहिले. अमोनियाच्या प्रयोगात हवेऐवजी शुद्ध प्राणवायू वापरताच तो दोनशेत एक इतका झाला.

हवेतील नायट्रोजन कोणत्याही रीतीने काढला, तरी गोलकात सुमारे 2.310 ग्रॅम भरे. त्या वजनांत आपसांत एका मिलिग्रॅमचाही फरक नसे. रासायनिक नायट्रोजन सरासरीने 2.299 ग्रॅम. वजने अशी एकमेकांशी जुळत नसती, तर मधले अकरा मिलिग्रॅम त्या गोंधळात हरवून गेले असते.

1894 साली रॅले व विल्यम रॅम्झी यांनी त्या जड नायट्रोजनात दडलेला नवा वायू शोधून काढला. तो सहसा कशाशीही संयोग पावत नाही. म्हणून ग्रीक भाषेतील 'आळशी' या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव अरगॉन पडले. हवेत तो शेकडा एकाहूनही थोडा कमी असतो. 1904 साली दोघांनाही नोबेल पारितोषिके मिळाली. रॅले 1919 साली टर्लिंग येथेच निवर्तले.