आधी स्वतःला सुई टोचून घेणारे हाफकिन

दरवर्षी ६ डिसेंबरला आपण लाखोंच्या संख्येने दादरला उतरतो. दादरला लागूनच परळ आहे. तिथल्या केईएम आणि टाटा रुग्णालयात आपल्यापैकी कितीतरी जणांनी नातेवाइकांच्या उशाशी रात्री काढल्या आहेत. त्याच परिसरात हाफकिन संस्थेची पाटी दिसते. पण हे हाफकिन कोण, असं विचारलं तर आपल्या बहुतेक तरुणांना सांगता येत नाही. हा माणूस आपण ओळखायला हवा. गोरगरिबांच्या वस्तीत साथ पसरते तेव्हा संशोधकाने कसं वागावं, हे त्यांच्या आयुष्यातून कळतं. आणि काही चुकलं की समाज आधी कोणाकडे बोट दाखवतो, हेही कळतं.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी तिथे ज्यूंवर जमाव चालून जात, घरं लुटली जात. विद्यार्थीदशेत हाफकिन ज्यू वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले, त्यांना अटकही झाली. शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. हाफकिन हुशार होते, पण प्राध्यापकी हवी असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी अट होती. त्यांनी ती झुगारली. जन्मामुळे दार बंद होणं म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

देश सोडून ते आधी जिनिव्हाला आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तिथे मिळालेली पहिली नोकरी ग्रंथपालाची होती. ते काम सांभाळून त्यांनी कॉलऱ्यावरची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती सर्वात आधी स्वतःला टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये कॉलरा घरोघर माणसं नेत होता. लोकांना परक्या डॉक्टरची आणि सुईची भीती वाटत होती, आणि ती साहजिकच होती. तेव्हा हाफकिन आणि त्यांच्याबरोबरच्या भारतीय डॉक्टरांनी लोकांसमोर आधी स्वतः लस घेतली, मग लोक पुढे आले. १८९४ मध्ये सुमारे २०० माणसांच्या एका बस्तीत ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या बस्तीत १० जणांना कॉलरा झाला आणि त्यातले ७ दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीतल्या, एकच पाणी पिणाऱ्या माणसांची अशी तुलना करणं हा त्यांच्या कामाचा कणा होता. औषध गुणकारी आहे असं नुसतं सांगून भागत नाही. ज्यांना दिलं आणि ज्यांना दिलं नाही, त्या दोघांचाही हिशेब मांडावा लागतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. मांडवी भागातले रुग्ण पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावण्यात आलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना अपुरी जागा आणि मोजके मदतनीस मिळाले. कामाचा ताण असा होता की त्यातले काही टिकले नाहीत. मांसाच्या रसात तुपाचे थेंब सोडून ते प्लेगचे जंतू वाढवत, मग उष्णता देऊन ते मारत. त्या मेलेल्या जंतूंपासून लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकलं, पण ते कामावरून हटले नाहीत.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग पसरला. पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली, बाकीचे तसेच राहिले. लस टोचली त्याच दिवशी जे आजारी दिसले ते वगळले, तर लस घेतलेल्यांपैकी २ जणांना प्लेग झाला आणि ते दोघेही वाचले. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना झाला आणि ६ जण दगावले.

हे आकडे वाचून आनंद होतो, पण इथे थोडं थांबायला हवं. तुरुंगातल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो? हा प्रश्न हाफकिन यांच्याबद्दल आदर ठेवूनही विचारला पाहिजे. आज आपल्या देशात औषधाच्या चाचणीसाठी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. सहभागी होणाऱ्याला त्याला कळेल अशा भाषेत सगळं समजावून त्याची लेखी संमती घ्यावी लागते, आणि चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा त्याला हक्क असतो. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे नियम तोंडपाठ असायला हवेत.

त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीमाई फुले आणि डॉ. यशवंत रुग्णांची सेवा करत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन माई दवाखान्यात आल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंबईत लस तयार होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. प्रयोगशाळेतलं संशोधन आणि रुग्णाला उचलून आणणारी पाठ, साथीत दोन्ही लागतात. आपण माईंचं स्मरण करतो तेव्हा हेही लक्षात ठेवू या.

पुढे लाखो लोकांना लस मिळाली. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात घात झाला. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली होती. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते मरण पावले. त्या १९ घरांवर कोसळलेलं दुःख खरं होतं आणि चौकशी व्हायलाच हवी होती. पण चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर टाकला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आलं. ते डॉक्टर नव्हते, इंग्रज नव्हते, शिवाय ज्यू होते. हे सगळं त्यांच्या विरोधात गेलं, असं तेव्हाही अनेकांनी ओळखलं.

नंतर पुरावे पुन्हा तपासले गेले. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट पुढे आली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रात हाफकिन यांची बाजू मांडली. त्यांच्यावरचा ठपका मिटला आणि ते कलकत्त्याला परतले, पण उमेदीची पाच वर्षं गेली ती गेलीच. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

आणखी एक धागा आपल्याशी जोडलेला आहे. प्लेगनंतर दाटीवाटीच्या मुंबईत बरी घरं बांधण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब अनेक वर्षं राहिले. साथ रोखायला लस लागते, तशीच हवेशीर खोली, स्वच्छ पाणी आणि संडासही लागतो. आजही क्षयरोग कोणत्या वस्तीत ठाण मांडून बसतो ते आपण पाहतोच.

म्हणून उद्या वस्तीत नवी लस किंवा नवं औषध आलं, तर अफवेवर विश्वास ठेवू नका आणि डोळे मिटून मानही डोलवू नका. हे कोणावर तपासलं, किती जणांवर तपासलं, न घेतलेल्यांचं काय झालं, हे विचारा. काही बिघडलंच तर माणसाची जात-धर्म न पाहता आधी पुरावा मागा. या डिसेंबरात दादरला याल तेव्हा वेळ काढून परळपर्यंत चालत जा आणि बरोबरच्या मुलांना त्या पाटीवरच्या नावाची गोष्ट सांगा.