हट्टी सारथी : जिल व्हिलनव

आमच्या दर्यापूरच्या रस्त्यावरून कापूस वाहून नेणाऱ्या कित्येक गाड्यांवर ‘टर्बो’ असे रंगवलेले असते. या शब्दाचा माग काढता काढता मी जिल व्हिलनव या मोटार-शर्यतपटूच्या चरित्रापर्यंत पोचले.

जिलचा जन्म १८ जानेवारी १९५० रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात झाला. बर्फावरच्या यांत्रिक गाड्यांच्या शर्यतींत त्याची उमेदवारी झाली. घसरती गाडी सावरण्याची कला तो तेथेच शिकला. १६ जुलै १९७७ रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे तो पहिली फॉर्म्युला वन शर्यत धावला. योगायोग असा, की टर्बो इंजिनाची पहिली गाडी, फ्रान्सची रेनॉ, त्याच शर्यतीत प्रथम उतरली.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच्या साहाय्याने जास्तीची हवा इंजिनात कोंबायची, ही टर्बोची युक्ती. लहान इंजिनातही त्यामुळे प्रचंड बळ येते. मात्र पाय दाबल्यावर ते क्षणभर उशिरा येते. वळणावर तो क्षण फार मोठा!

त्याच वर्षी जिल इटलीच्या फेरारी संघात गेला. १९८१ साली फेरारीनेही टर्बो गाडी आणली. इंजिन अवघे दीड लिटरचे, शक्ती पाचशे अश्वशक्तीहून अधिक. पण सांगाडा सदोष, त्यामुळे वळणावर गाडीचा भरवसा नाही. अशा गाडीने त्याने मोनॅको जिंकले आणि पुढच्याच शर्यतीत स्पेनमधील हारामाही. तेथे वळणावळणाच्या अरुंद मार्गावर चार गाड्या त्याच्या पाठीशी चिकटल्या होत्या. सरळ रस्त्यावर तो पुढे निसटे, वळणावर वाट अडवून धरी. पहिल्या पाच गाड्या सव्वा सेकंदाच्या आत पोचल्या, पहिला जिल!

२५ एप्रिल १९८२ रोजी इमोला येथे सहकारी दिदिए पिरोनीने शेवटच्या फेरीत त्याला मागे टाकले. संघाचा इशारा मोडून आपला विश्वासघात झाला, असे जिलला वाटले. त्याने पिरोनीशी अबोला धरला. तेरा दिवसांनी, ८ मे रोजी, बेल्जियममधील झोल्डर येथे पात्रता-फेरी चालू होती. पिरोनीची वेळ किंचित सरस होती. तशात जिलसमोर एक संथ गाडी आली. तिच्या चालकाने वाट देण्यासाठी गाडी उजवीकडे घेतली. जिलही उजवीकडेच वळला. त्या धडकेने त्याच रात्री त्याचा अंत झाला. वय अवघे ३२.

सहा विजय मिळवूनही तो जगज्जेता झाला नाही. तो मान १९९७ साली त्याचा मुलगा जॅक याने मिळविला. माँट्रियलच्या शर्यत-मार्गाला मात्र जिलचेच नाव आहे. मला वाटते, हारामाला त्याला तारणारा हट्ट आणि झोल्डरला त्याला घेऊन जाणारा हट्ट एकच होता. पहिल्याला आपण जिद्द म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणावे, हे ठरविताना माझे मन अजून अडखळते.