मंत्रिमंडळे कोसळली, रूळ राहिले : प्रा. मधु दंडवते यांचे जीवनचरित्र

चिपळूण सोडून दक्षिणेकडे निघालेली कोकण रेल्वेची गाडी कामथे मागे टाकून सावर्डे स्थानकात येते. चिपळूण तालुक्यातील या गावाला मुंबई-गोवा महामार्ग पूर्वीपासून लाभला होता. तरीही येथील चाकरमान्याला मुंबईहून गणपती-शिमग्याला गावी यायचे म्हणजे घाट आणि वळणे पार करीत, रात्रभर एसटीत अवघडून बसावे लागे. रेल्वे हा शब्द कोकणी माणसाने निवडणुकीच्या सभांतून पुष्कळदा ऐकला होता. प्रत्यक्ष रूळ पाहण्यासाठी मात्र त्याला स्वातंत्र्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे थांबावे लागले. हे रूळ अखेर पडले त्यामागे अनेकांचे श्रम होते. त्याबरोबरच दिल्लीतील एका अल्पायुषी मंत्रिमंडळाच्या खातेवाटपाचाही त्यात मोठा वाटा होता. त्या मंत्रिमंडळात अर्थखाते सांभाळणारे गृहस्थ कोकणातून निवडून गेलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे नाव मधु दंडवते.

२१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. केल्यानंतर त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालयात अध्यापन केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने स्थापन केलेल्या या महाविद्यालयात ते पुढे भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. मंत्री झाल्यानंतरही त्यांच्या नावामागील प्राध्यापक ही उपाधी सुटली नाही, कारण बोलण्याची रीत वर्गातलीच राहिली. विषयाची मांडणी, आकडे, निष्कर्ष आणि मध्येच एखादी मिश्कील कोटी, असा त्यांच्या भाषणाचा बाज असे.

वर्गाबाहेरचे त्यांचे आयुष्य चळवळींचे होते. १९४२ च्या छोडो भारत आंदोलनात ते विद्यार्थिदशेतच ओढले गेले आणि समाजवादी विचारांशी तेव्हा जडलेले नाते अखेरपर्यंत टिकले. १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते सरहद्द ओलांडून गेले. पोर्तुगीज पोलिसांची बेदम मारहाण त्यांनी सोसली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होते. प्रजा समाजवादी पक्षाच्या महाराष्ट्र शाखेचे नेतृत्व त्यांनी केले आणि १९७० मध्ये विधान परिषदेवर त्यांची निवड झाली. पत्नी प्रमिला दंडवते याही त्याच चळवळीतल्या. पुढे १९८० मध्ये त्या स्वतः मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि महिला चळवळीच्या अग्रणी नेत्या म्हणून ओळखल्या गेल्या.

कोकणाशी त्यांचे संसदीय नाते जुळले ते एका दुःखद घटनेने. १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे बॅ. नाथ पै यांचे जानेवारी १९७१ मध्ये बेळगाव येथे निधन झाले. अवघ्या काही आठवड्यांवर लोकसभेची मध्यावधी निवडणूक आली होती. देशभर इंदिरा गांधींची लाट होती. अशा वेळी नाथ पैंच्या जागी उभे राहणे हे दुहेरी अवघड काम होते. एकीकडे लाट होती आणि दुसरीकडे दिवंगत नेत्याच्या वक्तृत्वाशी व लोकप्रियतेशी होणारी अटळ तुलना. नगरचा हा प्राध्यापक कोकणी मतदारांनी स्वीकारला. १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग पाच निवडणुका त्यांनी राजापुरातून जिंकल्या. १९८४ मध्ये जनता पक्षाचे साऱ्या देशात मिळून जेमतेम दहा खासदार निवडून आले, त्यातही राजापूर होते.

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही तेथेच होते. चौघांनाही तेथेच अटक झाली. प्रमिलाताईंची रवानगी येरवड्याच्या तुरुंगात झाली. पती बंगळूरला आणि पत्नी पुण्याला, अशा स्थितीत दोघांचा संसार पत्रांवर चालला.

तुरुंगातल्या या सहवाशांपैकी तिघे दोन वर्षांच्या आत एकाच मंत्रिमंडळात बसले. मार्च १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाला आणि २४ मार्च रोजी मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. त्या मंत्रिमंडळाची घडण मुळातच अवघड होती. संघटना काँग्रेस, भारतीय लोकदल, जनसंघ, समाजवादी आणि जगजीवनराम यांची काँग्रेस फॉर डेमॉक्रसी अशा निरनिराळ्या घरांतील माणसे एका छपराखाली आणायची होती. पंतप्रधानपदासाठी मोरारजी, चरणसिंग आणि जगजीवनराम अशी तीन नावे होती. जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांच्यावर निवड सोपविली गेली. चरणसिंगांकडे गृह, जगजीवनराम यांच्याकडे संरक्षण, वाजपेयींकडे परराष्ट्र व्यवहार, अडवाणींकडे माहिती आणि नभोवाणी अशी खाती गेली. समाजवाद्यांपैकी जॉर्ज फर्नांडिस आधी दळणवळण आणि मग उद्योगमंत्री झाले. मधु लिमये मंत्रिमंडळाबाहेर राहिले. दंडवते यांच्या वाट्याला रेल्वे आली.

या खात्याला तेव्हा ताजी जखम होती. मे १९७४ चा वीस दिवसांचा देशव्यापी रेल्वे संप सरकारने कठोरपणे मोडून काढला होता आणि हजारो कर्मचारी बडतर्फ झाले होते. त्या संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस आता त्याच मंत्रिमंडळात होते. दंडवते यांनी संपात नोकरी गमावलेल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा कामावर घेतले. अनेक घरांत तीन वर्षांनी पुन्हा पगार आला, आणि ज्या यंत्रणेकडून नवे मंत्री काम करवून घेणार होते तिचा विश्वासही त्यांना मिळाला.

दुसरा निर्णय त्याहून साधा होता. तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात उघड्या लाकडी फळ्यांवर झोपावे लागे. दंडवते यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसविण्याचा निर्णय घेतला. पहिल्या वर्गाचे लाड कमी करण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाचा दर्जा वाढवावा, हा त्यांच्या समाजवादाचा व्यवहारी अर्थ होता. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई ते हावडा धावू लागलेली गीतांजली एक्स्प्रेस ही त्याच विचारातून आली. या गाडीत वर्गभेद नव्हता, सारे डबे एकाच वर्गाचे होते. आरक्षणाच्या संगणकीकरणाचा विचारही त्यांच्याच काळात पुढे सरकला. आज रात्रीच्या गाडीत पाठ टेकणाऱ्या कोट्यवधी प्रवाशांपैकी फारच थोड्यांना त्या गादीमागचे नाव ठाऊक असेल.

मंत्रिमंडळाला मात्र स्वस्थता लाभली नाही. १९७८ च्या जूनअखेर चरणसिंग आणि राजनारायण यांना बाहेर पडावे लागले. जानेवारी १९७९ मध्ये चरणसिंग परतले ते उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री म्हणून. त्यांच्यासाठी हिरुभाई पटेल यांना अर्थखाते सोडून गृहखात्यात जावे लागले आणि तोल सांभाळण्यासाठी जगजीवनराम यांनाही उपपंतप्रधान करण्यात आले. एका नेत्याचे समाधान करताना दुसऱ्याचे आसन हलवायचे, हा या फेरबदलांचा क्रम होता. जनसंघातून आलेल्या सदस्यांच्या दुहेरी निष्ठेचा वाद धुमसत होताच. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाण यांनी अविश्वासाचा ठराव मांडला, पक्ष फुटला आणि १५ जुलै रोजी मोरारजींनी राजीनामा दिला. फर्नांडिस आणि लिमये हे जुने सहकारी चरणसिंगांच्या बाजूला गेले. दंडवते जनता पक्षातच राहिले. समाजवादी घराण्यातील ही फूट कार्यकर्त्यांना फार लागली. २८ जुलै रोजी चरणसिंगांचे सरकार आले आणि दंडवते यांचा रेल्वे मंत्रालयातील सव्वादोन वर्षांचा काळ संपला.

कोकणच्या पदरात तोवर फारसे काही पडले नव्हते. किनाऱ्यालगत रेल्वे न्यावी यासाठी अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या अभियंत्याने आयुष्य वेचले होते, नाथ पैंनी संसद दणाणून सोडली होती. अडचण नेहमी पैशाची असे. डोंगर, दऱ्या आणि खाड्या यांतून जाणारा मार्ग खर्चिक होता. रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पातून मिळणाऱ्या तुटपुंज्या तरतुदीवर तो कित्येक दशके रेंगाळला असता. दिव्याहून पनवेलमार्गे निघालेला रूळ रोह्याला पोहोचायला १९८६ उजाडले. त्याच्या पुढे सारे कोकण उभे होते.

डिसेंबर १९८९ मध्ये पुन्हा एकदा दिल्लीत मंत्रिमंडळ बनविण्याची वेळ आली. जनता दलाच्या संसदीय पक्षाने आधी देवीलाल यांना नेता निवडले आणि त्यांनी लगेच तो मान विश्वनाथ प्रताप सिंग यांना दिला. या खेळीने चंद्रशेखर दुखावले, आणि सरकारच्या पोटात पहिल्याच दिवशी दुखणे शिरले. भाजप आणि डावे पक्ष यांचा बाहेरून पाठिंबा, आत महत्त्वाकांक्षी नेते, अशी ही रचना होती. खातेवाटपात मात्र कोकणच्या दृष्टीने अपूर्व योग जुळून आला. अर्थखाते दंडवते यांच्याकडे आणि रेल्वेखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे गेले. दहा वर्षांपूर्वी राजकारणाने ज्यांच्या वाटा वेगळ्या केल्या होत्या ते दोघे समाजवादी एकाच मार्गासाठी पुन्हा शेजारी बसले. एक मूळचा मंगळूरचा, दुसरा राजापूरचा खासदार, आणि नियोजित मार्ग नेमका या दोन टोकांना जोडणारा.

सावर्डे ज्या रत्नागिरी मतदारसंघात होते तेथून त्या वेळी काँग्रेसचे गोविंदराव निकम निवडून गेले होते. सावर्ड्यात सह्याद्री शिक्षण संस्था उभी करणारे निकम विरोधी बाकांवर होते. रेल्वे व्हावी ही आस मात्र उत्तर आणि दक्षिण रत्नागिरीची एकच होती.

पैशाच्या अडचणीवर तोडगा निघाला तो स्वतंत्र महामंडळाचा. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के असा राहील आणि उरलेली मोठी रक्कम रोख्यांद्वारे बाजारातून उभी केली जाईल, अशी ती योजना होती. अर्थमंत्र्याची संमती नसती तर हे कागदावरच राहिले असते.

तो काळ सरकारसाठी कसोटीचा होता. १२ जुलै १९९० रोजी ओमप्रकाश चौटाला हरियाणाचे मुख्यमंत्री पुन्हा झाले, केंद्रातील काही मंत्र्यांनी त्याच्या निषेधार्थ राजीनामे दिले, खुद्द पंतप्रधानांनी पद सोडण्याची तयारी दाखविली. मंत्रिमंडळ राहते की जाते अशा या धामधुमीच्या आठवड्यातच, १९ जुलै रोजी, कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. १ ऑगस्टला देवीलाल यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले, त्यानंतर मंडल आयोगाच्या निर्णयाने देश ढवळून निघाला. १५ सप्टेंबर रोजी रोहा येथे कोकण रेल्वेची पायाभरणी झाली. ७ नोव्हेंबर रोजी सरकारने लोकसभेचा विश्वास गमावला. पायाभरणी आणि पतन यांत दोन महिन्यांचेही अंतर नव्हते.

अर्थमंत्री म्हणून दंडवते यांच्या वाट्याला एकच अर्थसंकल्प आला. मार्च १९९० मध्ये तो मांडताना त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याचे पाऊल उचलले, त्यामुळे सराफ आणि सुवर्णकारांवरील जुने जोखड गेले. शेतकऱ्यांची व ग्रामीण कारागिरांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ करण्याची योजनाही त्याच काळातली. या योजनेने बँकांच्या वसुलीची शिस्त बिघडली, असा आक्षेप अर्थतज्ज्ञांनी घेतला. परकीय चलनाची गंगाजळी आटत होती, आणि ऑगस्टमधील आखाती संकटाने तेल महागले. १९९१ च्या आर्थिक अरिष्टाची चाहूल त्या वर्षात होती आणि तिला पुरेसे उत्तर त्या सरकारपाशी नव्हते, ही टीकाही नोंदवायला हवी.

१९९१ च्या निवडणुकीत राजापूरच्या मतदारांनी दंडवते यांना घरी बसविले. काँग्रेसचे सुधीर सावंत विजयी झाले. वीस वर्षांचे नाते तुटले तेव्हा त्या मतदारसंघात कोकण रेल्वेची गाडी अजून यायची होती. रूळ पडण्याआधीच रूळ आणणारा हरला. त्यांनी मतदारांना दोष दिला नाही की दुसरा सोपा मतदारसंघ शोधला नाही.

महामंडळाचे काम मात्र थांबले नाही. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांनी डोंगर पोखरले. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा उत्तुंग पूल उभा राहिला. चंद्रशेखर गेले, नरसिंह राव आले, पुढे देवेगौडा आणि गुजराल आले. रेल्वेमंत्री बदलत राहिले, पण महामंडळाची स्वतंत्र रचना असल्यामुळे प्रकल्प कोणा एका मंत्र्याच्या मर्जीवर राहिला नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूर हा सारा मार्ग सुरू झाला, तेव्हा दंडवते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. ऑगस्ट १९९६ पासून सांभाळलेले ते पद त्यांनी सरकार बदलताच मार्च १९९८ मध्ये सोडले.

उत्तरायुष्यात ते लेखन, व्याख्याने आणि चळवळी यांत रमले. मार्क्स आणि गांधी यांच्या विचारांची तुलना हा त्यांच्या आवडीचा विषय होता. प्रमिलाताई त्यांच्याआधी गेल्या. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला दान करण्यात आला. विज्ञानाच्या प्राध्यापकाने अखेरचा हिशेबही विज्ञानाच्याच खात्यावर जमा केला.

ज्या दोन मंत्रिमंडळांत ते होते त्यांपैकी एकही पाच वर्षे टिकले नाही. पहिले सव्वादोन वर्षांत गेले, दुसरे अकरा महिन्यांत. सावर्ड्याच्या फलाटावर पिशव्या सांभाळत मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला त्या सरकारांतील भांडणांशी आज काही देणेघेणे नाही. त्याची गाडी येते, तो चढतो, आणि रात्र असेल तर गादीवर अंग टाकतो.