कै. नारायण मेघाजी लोखंडे आणि कामतघरचे माग

भिवंडीतील कामतघरच्या यंत्रमागांचा खडखडाट ज्यांच्या कानी रोज पडतो, त्यांस ठाण्यासच जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्र सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. रविवारची सुटी मिळवून देणारे म्हणून कै. नारायण मेघाजी लोखंडे सर्वश्रुत आहेत. परंतु त्यांच्या ज्या मागणीचा संबंध कामगाराच्या हातापायांशी होता, ती लोकांच्या विस्मृतीत गेली आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. रेल्वे व टपाल खात्यांत काही काळ नोकरी करून ते मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर झाले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत अनुयायी. १८८० साली ‘दीनबंधु’ पत्राची सूत्रे त्यांनी हाती घेतली आणि १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्याच वर्षी सप्टेंबरात परळच्या सभांतून निघालेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती व वेळेवर पगार यांबरोबर त्यात आणखी एक कलम होते. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि जो कायमचा पंगू होईल त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. भरपाईचा कायदा होण्यास पुढे १९२३ साल उजाडावे लागले!

कारखान्यांचे कायदे हा लँकेशायरवाल्यांचा कावा होय, असे त्या काळी राष्ट्रीय पक्षाच्या अनेक पुढाऱ्यांस वाटे. तो संशय अगदीच निराधार नव्हता. तथापि राष्ट्राभिमानी म्हणविणारे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो की, या वादात लोखंडे यांचाच पक्ष न्यायाचा होता. स्वदेशी कापड निघण्यासाठी स्वदेशी बोटे तुटलीच पाहिजेत, असे कोणते शास्त्र सांगते? अखेर १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, व १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुटीवर सरकारी मोहोर उमटली. पुढे प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करीत असता, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने लोखंडे यांचा अंत झाला.

भरपाई ही अपघात झाल्यानंतरची गोष्ट. अपघात टाळणारे शिक्षण हे त्या मागणीचे पुढचे पाऊल होय. खाणकामगारांसाठी ते पडले आहे. १९६६ सालच्या नियमांनी खाणीत कामावर लावण्यापूर्वी शिकवणी आवश्यक ठरविली. यंत्रमागावर मात्र नवखा मनुष्य बहुधा शेजाऱ्याकडे पाहूनच शिकतो. उडालेला धोटा डोळ्यावर बसतो, उघड्या पट्ट्यात हात सापडतो, कापसाची धूळ फुप्फुसांत साचते आणि अखंड आवाजाने कान बधिर होतात. ही संकटे अज्ञात नाहीत, त्यांवरील उपायही अज्ञात नाहीत. या विषयाचे संशोधन व शिक्षण करणारी केंद्रीय श्रम संस्था मुंबईत शीव येथे, म्हणजे भिवंडीहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर आहे.

म्हणून मागवाले, कामगारसंघ व महानगरपालिका यांस आमची स्पष्ट सूचना आहे. कामतघरात सुरक्षिततेचा एक लहानसा वर्ग उघडावा, शिकण्याच्या दिवसांची मजुरी द्यावी, आणि ती शिकवणी झाल्यावाचून कोणासही मागावर उभे करू नये. लोखंडे यांच्या तसबिरीस हार घालण्यापेक्षा हे त्यांचे खरे स्मारक होईल.