वाटखर्चाचे ऋण

शिक्षणासाठी गाव सोडणाऱ्या गरीब मुलापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो वाटखर्चाचा. गुणवत्ता घरात असते, पण विद्यापीठ दूर असते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र या एका प्रश्नाच्या अनुरोधाने वाचले, तरी त्यातून पुष्कळ बोध होतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव साताऱ्यास शिकत होता. १९०१ साली तो थोरला भाऊ व दोन भाच्यांसह वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावला निघाला. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळताच कोणी बैलगाडी देईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला. मात्र गाडी मुलांनीच हाकायची आणि त्याने पायी चालायचे, असे ठरले. खिशात भाडे असूनही वाट बंद होती आणि रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. हा प्रवास ते आयुष्यभर विसरले नाहीत.

१९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांची बुद्धी हेरणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या प्रयत्नाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पदवीनंतर, १९१३ च्या फेब्रुवारीत, पिता रामजी सुभेदार यांचे निधन झाले. त्याच वर्षी महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर केली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार ४ जून रोजी झाला आणि जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. मसूरला गाडी न मिळालेला मुलगा कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसला. १९१५ साली त्यांनी एम.ए. केले आणि १९१६ मध्ये ते लंडनला गेले.

तेथे शिष्यवृत्तीची मर्यादा आडवी आली. एक वर्षाची मुदतवाढ संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करार पाळण्यासाठी ते बडोद्यास रुजू झाले, पण त्या शहरात अस्पृश्य अधिकाऱ्यास राहायला घर मिळाले नाही. शिष्यवृत्तीने सागर ओलांडता आला. जातीची भिंत मात्र जागच्या जागी होती.

बाबासाहेबांनी हार मानली नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळवली, ते बॅरिस्टरही झाले.

ज्याला पैशाअभावी अभ्यास मध्येच सोडावा लागला, त्यालाच अपुऱ्या मदतीची किंमत कळते. म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जाताच १९४२ साली त्यांनी सरकारला निवेदन देऊन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी, परदेशी शिक्षणासह, शिष्यवृत्त्यांची मागणी केली. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मुंबईला सिद्धार्थ आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. घेतलेले ऋण त्यांनी पुढच्या पिढ्यांकडे अशा रीतीने फेडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज परदेशी शिक्षणासाठी केंद्राची व राज्याची शिष्यवृत्ती आहे. तरीही देऊळघाटच्या मुलाला प्रवेशपरीक्षेसाठी नागपूर वा पुणे गाठायचे असेल, तर एस.टी.च्या भाड्यापासून अडचण सुरू होते. अर्ज भरण्याची मुदत कोणी सांगत नाही, दाखले वेळेवर निघत नाहीत, आणि हुशार मूल गावातच राहते. शासनाची रक्कम हाती येईपर्यंतचा हा पहिला टप्पा समाजानेच सांभाळला पाहिजे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण शिष्यवृत्तीवर शिकून आज पगारदार झाले आहेत. प्रत्येकाने दरवर्षी एका मुलाचा वाटखर्च उचलला आणि एका मुलाचा अर्ज स्वतः बसून भरून दिला, तर केळुसकर गुरुजींचे काम आपल्या हातून घडेल. बाबासाहेबांना अभिवादन करण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!